हौसराव आले की बंद

तहमीनाचं एक मत ठाम होतं. मशीन रुसत नाही. मशीनला लहर येत नाही, मशीनला कुणाचं वावडं नसतं. बंद पडलं म्हणजे कुठंतरी कारण आहे, आणि कारण आहे म्हणजे ते सापडणार. सापडत नसेल तर आपण नीट बघितलं नाही, बस्स! हे ती नवऱ्याला सांगायची, सासूला सांगायची, दुकानात नुसते सुट्टे मागायला आलेल्या माणसालाही सांगायची. त्यानं विचारलेलं असो वा नसो.

आणि अशा ह्या तहमीनाचं मशीन नेमकं हौसराव आले की बंद पडायचं.

तुम्हाला हसू येईल, पण त्या हिवाळ्यात तिच्या घरात कुणाला हसू येत नव्हतं. साल दोन हजार चारच्या आसपासचं. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारपेठेमागं इरशादचं घर, आणि घराची रस्त्यावर उघडणारी पुढची खोली म्हणजे तहमीनाचं दुकान. लग्नपत्रिका, हँडबिलं, बायोडाटा, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळं टाईप करून मिळायचं. लग्नाआधी तिनं शिरूरला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. बाकीच्या पोरी टायपिंग शिकून घरी गेल्या, ही बया मागं थांबून कॉम्प्युटरचा डबा उघडून आत काय-काय असतं तेही बघून आली. लग्नानंतर माहेरच्या बांगड्या मोडल्या आणि शिरूरहून मशीन आणलं. इरशाद तळेगाव-शिक्रापूर-शिरूर जीप चालवायचा. त्यानंच ते जीपमध्ये मधल्या सीटवर ठेवून आणलं, आणि त्या फेरीला एकही प्रवासी घेतला नाही. म्हणजे माणूस वाईट नव्हता. फक्त धीराचा कच्चा होता.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, शहाबानो. सासरे पाशाभाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाई मोजकं बोलायची. आळीतल्या बायका दळणाच्या रांगेत तिला टोचायच्या, "काय गं, सून दिवसभर बाप्यांसमोर बसती म्हनं?" तर ही आपला डबा पुढं सरकवायची आणि गप्प. ना होय, ना नाही. तहमीनाला वाटायचं, अम्मीच्या मनात आहे तरी काय? एकदा बोलून टाकतील तर बरं होईल.

दुकानाची मांडणी तहमीनानं स्वतः केली होती आणि तिला तिचा अभिमान होता. आतल्या खोलीच्या दारात पडदा. पडद्याला पाठ लावून टेबल. टेबलावर स्क्रीन, आणि टेबलाखाली एका पाटावर मशीनचा डबा, त्याची पाठ पडद्याकडं. वायरींचा सगळा गुंता मागं, घराच्या अंगाला. गिऱ्हाइकाच्या बाजूनं टेबलाला झालरीचं कापड, म्हणजे कुणाचा पाय लागायला नको. येणारा माणूस म्हणायचा, "दुकान कसं चकाचक हाय!" त्यामागं काय चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं, आणि तिलाही नाही.

हौसराव म्हणजे दूध संस्थेचे अध्यक्ष. संस्थेला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांना स्मरणिका काढायची होती. जाडजूड, फोटोबिटो घालून. काम शिरूरलाही गेलं असतं, पण हौसरावांना शेजारी बसून करून घ्यायची हौस. ते पहिल्या दिवशी आले तेच खोली दणाणून सोडत.

"वा, वा! काय मशीन हाय! आन् सूनबाई, तुझी बोटं! वाऱ्यावानी पळत्यात की गं! आमच्या क्लार्कला एक पत्र टाइप करायला अख्खी दुपार लागती. अशी बोटं मी बघितलीच न्हाईत कुठं!"

"तुम्ही सांगा मामा, मी करते," तहमीना म्हणाली. कौतुक कुणाला कडू लागतं?

अर्धा तास झाला असेल-नसेल. अध्यक्षांचं मनोगत अर्धं टाईप झालं होतं. खट्ट. स्क्रीन काळी.

"लाईट गेली?" हौसराव.

लाईट कुठली गेली, डोक्यावरचा बल्ब जळतच होता. तहमीना बाहेर पळाली, मीटरबोर्ड बघितला, फ्यूज बघितला, सगळं जागच्या जागी. आत येऊन बटण दाबलं, मशीन चालू होतंय न होतंय तोच परत खट्ट. हौसराव उठले. "असूं दे, उद्या येतो." ते गेल्यावर थोड्या वेळानं तिनं बटण दाबलं तर मशीन सुरळीत. संध्याकाळपर्यंत चालू ठेवलं. हूं की चूं नाही.

"प्लग सैल असंल," तिनं स्वतःलाच ऐकवलं. नवा बोर्ड बसवला, वायर बदलली. दुसऱ्या दिवशी हौसराव आले, तारीफ झाली, चहा झाला, आणि मनोगत संपता-संपता पुन्हा खट्ट.

"तुझ्या मशीनला माझं वावडं हाय का गं?" हौसराव हसून म्हणाले, पण ते हसणं जरा कोरडं होतं.

तहमीनानं त्या दुपारी डबा उघडला. रॅमची पट्टी काढली, खोडरबरनं तिचे सोनेरी दात घासले, फुंकर मारून परत खोचली. हा उपाय तिला शिरूरच्या सरांनी शिकवला होता आणि तो दहातल्या पाच वेळा चालतोच. चालू केलं. मस्त. तिनं मुद्दाम गाण्याची सीडी लावली आणि दिवसभर वाजत ठेवली. "बघा अम्मी," ती म्हणाली, "म्हटलं होतं ना, सापडणार म्हणून!"

शहाबानोनं मशीनकडं बघितलं, मग सुनेकडं. "त्या हौसरावची नजर जड हाय," ती एवढंच बोलली. "तोंड भरून वाखाणतो, आन् माशाअल्ला म्हनायची त्याला रीत न्हाई."

"अम्मी, लोखंडाला कुठं नजर लागते?"

संध्याकाळी सासू लाल मिरच्या, मीठ, मोहरी मुठीत घेऊन बाहेर आली आणि मशीनवरून ओवाळायला लागली. मशीनवरून झालं, मग खुर्चीवरून, मग खुर्चीत बसलेल्या तहमीनावरूनही. "काय करताय?" तहमीनानं विचारलं, तर सासूनं डोळे वटारून ओठांवर बोट ठेवलं. नजर काढताना बोलायचं नसतं हे तहमीनाला माहेरापासून ठाऊक होतं. बोललं की केलेलं सगळं वाया, आणि काय केलं हे कुणाला सांगितलं तरी वाया. ती गप्प बसली. मिरच्या शेगडीत पडल्या, ठसका कुणालाच लागला नाही. शहाबानोनं मान हलवली. ठसका लागत नाही म्हणजे नजर दांडगी.

पुढच्या खेपेला हौसराव फोटो घेऊन आले. आता फोटोचं काम म्हणजे मशीनला जरा जास्त जोर पडतो. पहिला फोटो बसला, दुसरा बसला, आणि तिसऱ्याला तहमीनाच्या नाकाला एक वास आला. डांबराच्या गोळ्यांचा. कपड्यांच्या ट्रंकेत टाकतात ना, तो. पडद्यामागून येत असेल, अम्मी ट्रंक आवरत असतील, असं म्हणून तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. आणि खट्ट.

ह्या वेळी हौसराव हसले नाहीत.

इरशादच्या जीपमधून मशीन शिरूरला गेलं. तिथं शाहनवाज म्हणून तिच्याच कोर्सचा एकजण दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्यानं पॉवर सप्लाय बदलून बघितला, विंडोज नव्यानं टाकली, व्हायरस धुंडाळला. चांगले तीन-चार दिवस ठेवून घेतलं. "तहमीना, हितं तर लोण्यावानी चालतंय गं. तुझ्याकडंच कायतरी हाय."

"माझ्याकडं काय असणार? हौसराव हायत!" ती चिडून म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कानावर पडल्यावर आणखी चिडली. जिचं मत एवढं ठाम, तिच्या तोंडून असं निघावं!

त्या रात्री जेवताना इरशादनं विषय काढला. ताटाकडं बघून काढला, तिच्याकडं नाही.

"दौंडचा मच्छिंद्र हाय ना, सायबर कॅफेवाला. त्याला सांगून ठिवलंय. शनिवारी येतोय. चालू असो का बंद, जसं हाय तसं नेतो म्हनला."

"काय नेतो?"

"मशीन. आनखी काय? गावात काय चर्चा हाय ठावं हाय का तुला? हौसराव सांगत फिरतोय, पाशाभाईच्या सुनंचं मशीन बंद मशीन. कोन येनार मग? त्यापरीस इकून टाकू. जीपचं काम निघालंय, तेबी हुईल."

"आणि मी काय करू?"

"कर की घरात. समद्या बायका करत्यात तेच."

तहमीनानं हातातला घास ताटात ठेवला. बांगड्या गेल्या तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं, उलट हात मोकळे झाल्यासारखे वाटले होते. पण मशीन गेलं तर तिचे हातच गेले. सकाळी उठून ह्या हातांनी काय करायचं, ते तिला सुचेना. "शनिवारी ना?" ती म्हणाली. "त्याच्या आत सापडंल. नाही सापडलं तर मीच उचलून त्याच्या गाडीत ठेवते. आणि हौसरावांना शुक्रवारी बोलवते. त्यांच्यासमोरच चालवून दाखवीन."

"आगं, पन..."

"बोलवते म्हटलं ना!"

शहाबानो भाकरी वाढत होती. तिचा हात जरा थांबला, मग तिनं सुनेच्या ताटात न मागता आणखी एक भाकरी टाकली.

आता बघा, तहमीना काय मूर्ख नव्हती. तिनं बसून नीट विचार केला. प्लग नाही, रॅम नाही, पॉवर सप्लाय नाही, व्हायरस नाही. मग राहिलं काय? तापणं. मशीन आतून तापलं की जीव वाचवायला स्वतःच बंद होतं, हे तिला कोर्सातच शिकवलं होतं. आणि तापून बंद झालेलं मशीन लगेच चालू केलं तर टिकत नाही, निवल्यावर टिकतं. तंतोतंत तसंच होत होतं की! तिनं इरशादच्या जीपचा हवा भरायचा पंप आणला, डबा उघडला आणि आतल्या पंख्यावर असा वारा मारला की धुळीचा लोट तिच्याच तोंडावर आला. पंखा गरगर फिरायला लागला. दिवसभर मशीन चालवलं, सारखा हात लावून बघितला. गार.

"झालं!" तिनं जाहीर केलं. आळीत चार घरं ऐकतील असं जाहीर केलं.

पण मनात एक खडा टोचत राहिला. धुळीनं तापत होतं, तर ती एकटी असताना का तापत नव्हतं? जानेवारीची थंडी, सकाळी तोंडातून वाफ निघते, आणि मशीन तापतंय ते फक्त अध्यक्षांसमोर? हौसराव काय शेगडी बरोबर घेऊन येतात का?

शुक्रवारी हौसराव आले. अंगात नुसता पांढरा सदरा, कारण कडाक्याच्या थंडीतही स्वेटर घालणं त्यांना कमीपणाचं वाटे. "ही शेवटची खेप हां, सूनबाई," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "आज झालं तर झालं, न्हाईतर मी सरळ शिरूर गाठतो. लोकं मला हसायला लागल्यात. मला!"

"आज उठायचंच नाही, मामा. पूर्ण करूनच उठायचं."

"आगं, तुझ्या बोटांची तर मला खात्रीच हाय! मशीनचं काय खरं न्हाई. बोटं मात्र... वा, वा! आख्ख्या तालुक्यात न्हाईत."

पडद्यामागं पावलं वाजली.

काम सुरू झालं. पहिलं पान अध्यक्षांचं. हौसरावांना नाव मोठं हवं होतं. तिनं मोठं केलं. "आनखी." तिनं आणखी केलं. "आनखी थोडं." आता संस्थेचं नाव बारीक आणि अध्यक्षांचं नाव पान फाडून बाहेर निघेल असं दिसायला लागलं. "मामा, ह्याच्यापुढं कागद संपतो." मग फोटोमागं उगवता सूर्य हवा होता. सूर्य आला. सूर्य जरा डावीकडं सरकवायचा होता. सरकला. अक्षर-अक्षर झालं की तहमीना सेव्ह करत होती, जीव मुठीत धरून. अर्धा तास झाला. मशीन चालू. तिच्या छातीत जरा मोकळं वाटायला लागलं.

आणि तेवढ्यात आला. तोच वास. डांबराच्या गोळ्यांचा, पण ह्या वेळी गरम, जसं कुणी ट्रंक चुलीजवळ ठेवावी.

तहमीनाची बोटं थांबली. ट्रंक तर आतल्या खोलीत, थंड फरशीवर. मग डांबरगोळीला ऊब कुठून लागली? मागच्या खेपेलाही हाच वास आला, आणि त्यानंतर खट्ट झालं. तिनं मुद्दाम पेन खाली पाडलं आणि उचलायला झालर सारून टेबलाखाली वाकली.

पाटावर मशीनचा डबा नव्हता. म्हणजे होता, पण दिसत नव्हता. चांगल्या जाड, लाल, कापूस भरलेल्या दुलईत तो बाळंतपणातल्या बाळासारखा गुंडाळला होता. चारही बाजूंनी खोचून, मागची पंख्याची जाळीसुद्धा बुजवून, वरनं काळा दोरा बांधून. तहमीनानं हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. पडद्याची कड जरा बाजूला झाली होती आणि तिथून शहाबानो तिच्याकडं बघत होती. ओठांवर बोट.

या अल्ला! तर हे होतं. जड नजरेचा माणूस आला की अम्मी मशीन झाकत होत्या. ते बंद पडलं की त्यांना वाटत होतं नजर लागलीच, म्हणून पुढच्या वेळी आणखी घट्ट. आणि तहमीना मीटरबोर्डाकडं पळाली की दुलई निघून ट्रंकेत. सांगणार कशा? सांगितलं की वाया! तहमीनाला हसू आलं, राग आला, आणि रडूही आलं, आणि तिन्हींना वेळ नव्हता. आता कुठल्याही क्षणी खट्ट होणार होतं.

"काय गं? पेन सापडंना व्हय?" वरून हौसराव.

करायचं काय? अम्मींना दुलई काढा म्हणावं, तर त्या हौसराव जाईपर्यंत बोलणार नाहीत आणि काढणारही नाहीत. आपणच ओढून काढावी, तर हौसराव विचारणार मशीन का झाकलं, आणि खरं सांगावं तर झालंच! मामा, तुमची नजर वाईट म्हणून. अध्यक्ष उठून जातील, आणि तालुकाभर पाशाभाईच्या घराचं नाव खराब करतील. काढावी न काढावी, दोन्हीकडून मशीन दौंडला.

तहमीनानं दोरा तोडला. दुलई ओढली, एका झटक्यात बाहेर काढली आणि उभी राहिली.

"मामा, उठा जरा."

"का गं?"

"उठा तर. पहिलं पान पूर्ण झालं. पंचवीस वर्षांची संस्था, एवढं मोठं काम आमच्या दुकानात होतंय, आणि अध्यक्षांचा सत्कार नको? आम्हाला कळतं की मामा, रीतभात!" आणि तिनं ती दुलई दोन्ही हातांनी हौसरावांच्या खांद्यांवर पांघरली.

आता खांद्यावर शाल पडली आणि पुढारी नको म्हणाला, असं तुम्ही कधी बघितलंय? हौसरावांची मान आपोआप खाली गेली, हात आपोआप जोडले गेले. समोर तहमीना सोडून कुणी नव्हतं, तरी त्यांनी उजवीकडं आणि डावीकडं बघून नमस्कार केला. मग त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"आयला! गरम हाय की गं!"

"तुमच्यासाठीच ऊब देऊन ठेवली होती, मामा. थंडी किती पडलीय! आणि तुम्ही सदऱ्यावर."

"बघा! ह्याला म्हनत्यात जान. आमच्या घरात कुनी इचारत न्हाई, थंडी वाजती का म्हनून. बायको म्हनती, अध्यक्षांना कुठली थंडी?" हौसरावांचा आवाज पहिल्यांदाच जरा बारीक झाला. त्यांनी दुलई गळ्यापाशी आवळून घेतली आणि खुर्चीत असे बसले की उठायचं नावच नाही.

पडद्यामागून शहाबानो बघत होती. नजर मशीनवर पडू नये म्हणून जे झाकण केलं होतं, ते आता नजर टाकणाऱ्यावरच पडलं होतं. तिला ते पटलं असावं. तिनं पडदा सोडला आणि चहा ठेवायला गेली.

आणि मशीन? मशीननं मोकळा श्वास घेतला. आतला पंखा आधी घरघरला, मग त्याचा आवाज हळूहळू खाली आला. तहमीना एका हातानं टाईप करत होती आणि दुसरा हात मधूनमधून टेबलाखाली डब्यावर ठेवत होती. गरम. कमी गरम. कोमट. संचालकांचे फोटो बसले, जाहिराती बसल्या, आभारप्रदर्शन बसलं. दुपार टळली. शेवटचं पान सेव्ह करून तिनं स्वतःच्या हातानं, आपल्या मर्जीनं, रीतसर मशीन बंद केलं. हौसराव आल्यापासून ते रीतसर बंद होण्याची ही पहिलीच वेळ.

"मानलं!" हौसराव उठले. "संस्थेचं समदं काम हितून पुढं हितंच. आहवाल, पत्रकं, समदं! आन् बंद मशीन म्हनंल त्याला माझ्याकडं धाडा." आणि ते दुलई पांघरून, दोन्ही हातांनी धरून, बाजारातून सरळ घराकडं चालते झाले.

थोड्या वेळात इरशाद धावतपळत आत आला. "आगं, त्यो हौसराव माझ्या आईची दुलई पांघरून बाजारातून का फिरतोय? ज्याला-त्याला सांगतोय, सत्कार झाला, सत्कार झाला!"

"काम झालं," तहमीना म्हणाली. "सगळं झालं. मच्छिंद्रला कळवा, मशीन विकायचं नाही. हवं तर चहाला ये म्हणावं."

इरशाद तिच्याकडं बघत राहिला. मग मशीनकडं. मग एसटीडीच्या दुकानाकडं गेला, दौंडला फोन लावायला. त्याची चाल मात्र येतानापेक्षा हलकी होती.

शहाबानो टेबलाशी येऊन उभी राहिली. तहमीनानं विचार केला होता की आता अम्मींना शांतपणे बसवायचं आणि मशीनला वारा कसा लागतो, झाकलं की काय होतं, हे सगळं समजावून सांगायचं. समजावून सांगणं तिला आवडायचंच.

"अम्मी, ती दुलई..."

"माझ्या निकाहातल्या लाल साडीची व्हती," शहाबानो म्हणाली. "आतलं अस्तर तुझ्या सासऱ्याच्या शेरवानीचं."

तहमीना चपला शोधायला लागली. "मी मागून आणते! आत्ता जाते. दुसरी शाल घेऊन जाते, आणि..."

"येडी का खुळी तू? सत्काराची शाल कुनी मागतं व्हय?" शहाबानोनं पदरानं टेबलाची कड पुसली, पुसायला तिथं काही नसताना. "तुझा हात भाजला, ते बघितलं मी. तवा कळलं मला. आपनच गुदमरवत व्हतो त्याला."

"तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. पण अम्मी, खरंच, लोखंडाला नजर लागत नाही."

"लोखंडाची कुनाला पडलीय?" शहाबानो एकदम म्हणाली. तिचा आवाज एवढा वर गेलेला तहमीनानं कधी ऐकला नव्हता. "मशीन म्हंजी काय, आज हाय, उद्या न्हाई. तो हौसराव मशीनला एकदा वाखाणतो आन् तुझ्या बोटांना चारदा. बाहेर आळीतल्या बायका, त्यांच्या नजरा येगळ्या. तू बसतीस उघड्यावर, समद्यांसमोर, ताठ मान करून. मला लई बरं वाटतं बघायला. पन भ्या वाटतं. तुला काय दुलईत गुंडाळून बसवू गिऱ्हाइकापुढं? तुला झाकता येत न्हाई, म्हनून तुझ्या मशीनला झाकत व्हते."

दळणाच्या रांगेतली ती गप्प बाई, एवढी वर्षं काय गिळून गप्प होती ते तहमीनाला आत्ता कळत होतं. तिचे डोळे भरले, आणि तिनं ते लपवले नाहीत.

"मला झाका अम्मी," ती म्हणाली. "त्याला नका."

तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. वरवंडचे एक गृहस्थ पोरीच्या लग्नाची पत्रिका करायला आले होते. बाजारात दुलई पांघरलेल्या हौसरावांनीच त्यांना पत्ता दिला होता. "हितंच ना त्या बाई? लई फास्ट बोटं हाईत म्हनं तुमची!"

शहाबानो तहमीनाच्या खुर्चीमागं आली. ओठांवर बोट ठेवून तिनं आपला पदर सुनेच्या पाठीवर टाकला, घटकाभर तसाच धरला, आणि मग काढून घेतला.

"बसा," तहमीना त्या गृहस्थांना म्हणाली, आणि तिनं मशीन चालू केलं.